पहिली आलेल्या मुलीच्या कानात काय होतं

माजलगावच्या धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी कोणी कानात वायरी घालून पळताना दिसलं, की अजूनही मला हेडफोनचं ते प्रकरण आठवतं आणि एकट्याला हसू येतं. नोकरीत खून, दरोडे सगळं पाहिलं. तरी लग्नाकार्यात भेटणारे लोक मला विचारतात ते याच केसबद्दल.

तेव्हा मी त्या भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. रविवारी मुलींची रस्त्यावरची शर्यत होती. पहिलं बक्षीस स्कूटी. ती स्टेजवर हार घालून उभी केली होती. आयोजन समितीचे अध्यक्ष म्हणजे तालुक्यातले वजनदार पुढारी, शिवाय साखर कारखान्याचे संचालक. बंदोबस्ताला माणसं देऊन मी ठाण्यात प्रलंबित फायली उपसत बसलो होतो.

तेवढ्यात आमच्या खबऱ्याचा फोन आला. हा गडी चहाचा गाडा चालवायचा आणि गर्दी जमेल तिथे गाडा नेऊन लावायचा. तो म्हणाला, "साहेब, पळायचं झालंय. आता हानामारीची तयारी चालू हाय. लवकर या."

जाऊन पाहतो तर स्कूटीचं हँडल एका गटाच्या हातात आणि मागचा कठडा दुसऱ्या गटाच्या. पहिली आली होती उमापूरच्या अलीकडच्या एका गावातली मुलगी. तिचे वडील अध्यक्षांच्याच कारखान्यात कामाला. मुलगी पोलीस भरतीची तयारी करत होती. दुसरी आली होती अध्यक्षांची पुतणी. निकाल लागताच अध्यक्षांनी माईकवरून जाहीर केलं, की पहिल्या मुलीच्या कानात हेडफोन होता, मोटारसायकलवरून कोणीतरी तिला फोनवर मागची मुलगी किती लांब आहे ते सांगत होतं, म्हणून निकाल रद्द. मुलीच्या गावचे लोक टेम्पो भरून आले होते. ते स्टेजवर चढले.

दोन्ही गटांना मी ठाण्यात आणलं. स्कूटीही आणावी लागली, कारण ती सोडायला कोणी तयार नव्हतं. ठाणे अंमलदारांनी दैनंदिनीत नोंद घेता घेता मला हळूच विचारलं, की मुद्देमाल हारासकट दाखवायचा की हार काढून.

अध्यक्षांनी लेखी अर्ज दिला. फसवणुकीचा गुन्हा दाखल करा, अशी मागणी. असा गुन्हा कोर्टात टिकला नसता. पण भरतीच्या वेळी चारित्र्य पडताळणी होते, आणि तिथे तिच्या नावापुढे शेरा आला असता. तो शेरा निघेपर्यंत भरतीचं वय निघून गेलेली मुलं मी पाहिली होती. त्यामुळे वरून हसण्यासारखं दिसणारं हे प्रकरण मला गंभीरपणे घ्यावं लागलं.

आधी शर्यतीचे पंच म्हणून आलेल्या खेळाच्या शिक्षकांचा जबाब घेतला. ते म्हणाले, मोठ्या स्पर्धांत हेडफोन चालत नाही, पण इथे तसा नियम कोणी सांगितलाच नव्हता. निम्म्या मुली गाणी ऐकतच पळत होत्या. अध्यक्षांची पुतणीसुद्धा. हे ऐकून अध्यक्ष म्हणाले, "गानी चालत्यात की. हिच्या कानात गानी नव्हती. मी स्वतः जवळून ऐकलंय, मानूस बोलत व्हता."

मग मुलीला माझ्या खोलीत बोलावलं. महिला हवालदार सोबत होत्या. मुलीने फोन स्वतःहून टेबलावर ठेवला. शर्यतीच्या वेळात एकही कॉल नव्हता. म्हटलं, मग ऐकत काय होतीस? गाणी का? मान हलवून नाही म्हणाली. एखाद्या मुलाचा आवाज वगैरे आहे का, असं हवालदारबाईंनी अगदी आईच्या मायेने विचारलं, तेव्हा मात्र तिला राग आला.

"तसलं काय न्हाई, ताई. पन सांगितलं तर माज्या बापाची नोकरी जाईल."

कानात काय आहे ते सांगितल्याने बापाची नोकरी कशी जाईल, हे काही केल्या माझ्या लक्षात येईना. शेवटी तिने हेडफोन माझ्या हातात दिला. मी कानाला लावला आणि दुसऱ्या मिनिटाला काढून हवालदारबाईंकडे दिला, कारण मला हसू आवरत नव्हतं. त्यांनी ऐकलं आणि तोंडाला रुमाल लावला.

मुलीने मग सगळं सांगितलं. आधी तीही गाणी ऐकायची. पण गाणं संथ झालं की पाय संथ व्हायचे. एकदा गावच्या ग्रुपवर आलेलं हे रेकॉर्डिंग सरावाच्या वेळी चुकून सुरू झालं, आणि त्या दिवशी ती अशी पळाली की स्वतःच चकित झाली. "ह्ये ऐकलं की डोकं तापतंय, साहेब. डोकं तापलं की दम लागत न्हाई."

मी बाहेर येऊन अध्यक्षांना सांगितलं, फोनवर कोणी बोलत नव्हतं, माझी खात्री झाली आहे, अर्ज मागे घ्या. ते ऐकेनात. म्हणाले, समद्यांसमोर लावा. मी पुन्हा समजावलं. ते आणखी चढले, पोलिसांवर दबाव आहे म्हणाले. मग मी त्यांच्याच मागणीवरून रेकॉर्डिंग जाहीरपणे ऐकवण्यात येत आहे, असं लिहून घेतलं आणि खाली त्यांची सही घेतली. मुलीचा चेहरा उतरला होता. तिला म्हटलं, आता जबाबदारी माझी.

शांतता समितीच्या बैठकीला वापरायचा स्पीकर आणून हवालदारबाईंनी फोन जोडला. ठाण्यात आवाज घुमला, "माझ्या मायबहिणींनो!"

अध्यक्ष खुर्चीत सरसावून बसले. त्यांचा चेहरा उजळला. "ह्यो तर माजाच आवाज! बघा साहेब, आपलं भाषन ऐकून पोरगी जिकली." आणि ते सगळ्यांकडे बघू लागले. तोपर्यंत स्पीकर पुढे गेला होता. "या गावच्या लेकींना पळायला मैदान नाही, याची मला लाज वाटते. दिवाळीच्या आत मैदान करून देतो. नाही दिलं, तर या गावाला तोंड दाखवणार नाही!" मग टाळ्या. मग पुन्हा, "माझ्या मायबहिणींनो!"

मुलीने तेवढाच तुकडा कापून ठेवला होता आणि तो सारखा फिरत होता. हवालदारबाईंना तो बंद कसा करायचा ते सापडेना, असं त्यांनी नंतर सांगितलं. मी खोलात गेलो नाही. तिसऱ्यांदा "तोंड दाखवणार नाही" आलं, तेव्हा आधी हसली ती अध्यक्षांची पुतणी. मग टेम्पोतून आलेले लोक हसले. शेवटी बाकावर बसवलेला एक पाकीटमारसुद्धा हसला. त्या भाषणानंतर कितीतरी दिवाळ्या झाल्या होत्या आणि ती मुलगी अजून उसाच्या ट्रॅक्टरांमधून वाट काढत कालव्याच्या रस्त्यावर पळत होती.

पुतणी उठून म्हणाली, "काका, ती माज्या फुडंच व्हती. चला घरी."

अध्यक्षांनी अर्ज परत मागितला. मी दिला. पण त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की दैनंदिनीतली नोंद आणि तुमची सही माझ्याकडे राहील. मुलीच्या वडिलांना कारखान्यात काही त्रास झाल्याचं कानावर आलं, तर मला ती कागदपत्रं पुन्हा काढावी लागतील. त्यांनी मान डोलावली. बोलले काही नाहीत, आणि त्यांच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट होती. स्कूटी हारासकट मुलीच्या गावच्या टेम्पोतून गेली.

त्या उन्हाळ्यात मुलीच्या गावाबाहेरच्या गायरानावर मैदानासाठी जेसीबी फिरला. उद्घाटनाला अध्यक्षच होते. भाषण फार आटोपशीर झालं, असं ऐकलं. मुलगी पुढच्या भरतीत निवडली गेली.

समोरच्याला बोलतं करणं म्हणजे तपास, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. या प्रकरणाने मला उलटी बाजू दाखवली, की कधी कधी माणसाला त्याचंच बोलणं ऐकवावं लागतं. त्यानंतर कोणी तावातावाने अर्ज घेऊन आला, की मी त्याला पाणी द्यायचो, बसवायचो आणि म्हणायचो, हा अर्ज तुम्हीच मला मोठ्याने वाचून दाखवा. बरेच जण दुसऱ्या परिच्छेदापाशी अडखळायचे. काही जण वाचता वाचताच कागदाची घडी घालायचे आणि चहा न घेता निघून जायचे.