शिवलिंगाप्पा मास्तरांचं इंग्रजी

आम्ही रिटायर मास्तर चहाला जमलो की किस्से निघतात. चहा संपतो, किस्से संपत न्हाईत. त्यातले निम्मे तर एकट्या शिवलिंगाप्पांचे!

निजामाच्या राज्यातली गोष्ट. धाराशिवच्या आमच्या शाळेत सगळा कारभार उर्दूत. मी गणिताला, शिवलिंगाप्पा इंग्रजीला. अणदूरचा माणूस, मनानं लई चांगला. पण नवा इंग्रजी वाक्प्रचार सापडला की तो वापरल्याशिवाय घास उतरायचा न्हाय. कुठं वापरायचा, ते मात्र कोण बघतो!

एकदा त्यांचे चुलते वारले. रजेच्या अर्जात यांनी लिहिलं, 'माय अंकल हॅज किक्ड द बकेट.' हेडमास्तरांचं इंग्रजी बेताचं. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि काळजीनं विचारलं, "चाचांनी बादलीला लाथ मारली? पायाला लई लागलं का?"

"न्हाय साहेब, चाचा गेले! इंग्रजीत असंच म्हणतात."

"मग रजा घ्या. पण मास्तर, अर्जात चाचांना जरा अदबीनं मारा!"

झालं! अप्पांनी अदब एवढी मनावर घेतली की बायकोला माहेरून धाडा म्हणून ढोकीला सासऱ्यांना पत्र लिहिलं, तेही इंग्रजीत. शेवटी 'युवर मोस्ट ओबिडियंट सर्व्हंट'. तिथल्या पोस्टमास्तरांनी अर्थ सांगितला, "जावई म्हणतात, मी तुमचा अत्यंत आज्ञाधारक नोकर."

सासरे खूश! "लई बरं झालं. पेरणीला गडीच मिळंना. या म्हणावं!"

चार दिवस तिफण धरली, तेव्हा कुठं बायको मिळाली.

मग इन्स्पेक्शनला गोरा साहेब आला. वर्गात प्रश्नांचा नुसता भडिमार. अप्पा वैतागून म्हणाले, "होल्ड युवर हॉर्सेस, सर!" जरा दमानं घ्या, असं त्यांना म्हणायचं होतं.

साहेब म्हणाला, "मास्तर, हे दोस्ताला म्हणतात."

"मग साहेबाला काय म्हणायचं, सर?"

"साहेबाला थांब म्हणतच न्हाईत!" असं म्हणून साहेबच हसला.

साहेब हसला, तशी अप्पांची भीड चेपली. त्यांची नोकरी अजून कच्ची होती, पक्की करणं साहेबाच्या हातात. त्यांनी साहेब-मेमसाहेबांना जेवायला बोलावलं. डाक बंगल्यावर चिठ्ठी धाडून मला ऐटीत म्हणाले, "लिहिलंय, 'प्लीज कम इन अ फॅमिली वे.' म्हणजे घरच्यासारखं या!"

मला शंका आली. डिक्शनरी उघडली आणि घामच फुटला.

"अप्पा, अहो, याचा अर्थ पोटुशी होऊन या!"

अप्पा मटकन खाली बसले. "गेली हो नोकरी!"

तासाभरानं चपराशी उत्तर घेऊन आला. अक्षर मेमसाहेबांचं. अप्पांचा हात पुढं होईना. मीच वाचलं.

"आमंत्रणाबद्दल आभार. जरूर येऊ. मात्र तुमची अट पुरी करायला निदान नऊ महिन्यांची मुदत द्यावी."