पाण्याचं पिंपळपान

“फळा पुसायलाच असतो, लेका,” असं म्हणत आमचे चित्रकलेचे सर तासन् तास खपून रंगीत खडूंनी काढलेलं चित्र स्वतःच डस्टरने पुसून टाकत. तुम्हीही असा एखादा शिक्षक पाहिला असेल. माझ्यावर सर्वांत जास्त उपकार त्यांचेच. दहावीनंतर वडील मला वीटभट्टीवर नेणार होते. सर आमच्या ओट्यावर येऊन बसले, ते वडील कॉलेजला हो म्हणेपर्यंत उठले नाहीत. घरातला पहिला पदवीधर मी असा झालो.

यंदा त्यांना महिनाभर सिंगापूरला आणलं. तिथल्या टॅम्पिनीस भागातल्या माझ्या फ्लॅटमध्ये मोठा कॅनव्हास आणि रंग आणून ठेवले होते. सरांचं एकही चित्र कुठे शिल्लक नव्हतं. एक तरी माझ्या भिंतीवर राहावं, एवढीच इच्छा होती.

सर कॅनव्हासकडे बघत आणि म्हणत, “उद्या पाहू.”

एक दिवस ते शहाळ्याची साल घेऊन आले. ती ठेचून, दोऱ्याने बांधून कुंचला केला, बादली भरली आणि बिल्डिंगखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर निघाले. मी घाबरलो.

“सर, इथे जमिनीवर काही काढलं की दंड होतो.”

“पाण्याला कोण दंड करणार?”

खांबाजवळ झोपणारं मांजर सिमेंटवर ओलं उमटलं. सर शेपटीपर्यंत पोचेस्तोवर कान वाळूनही गेले होते.

मग हे रोजचंच झालं. शेजारचे चिनी अंकल खुर्ची घेऊन येऊ लागले. सर मराठीत बोलत, अंकल मान हलवत. दोघांचं छान जमलं.

मी मात्र कॅनव्हासचा हट्ट सोडेना. एकदा जेवताना पुन्हा विषय काढला, तेव्हा सरांनी आमटीची वाटी उचलून धरली. आमटी ताटात सांडली.

“दिसलं? हात थरथरतो. कॅनव्हासवर हे कायमचं राहील. पाणी वाळून जातं.”

जेवण झाल्यावर मी कॅनव्हास कपाटामागे सरकवला.

वेसाकच्या सुट्टीला, म्हणजे आपल्या बुद्धपौर्णिमेला, सरांनी मोठं पिंपळपान काढायला घेतलं. बरीच माणसं जमली होती. हात इतका थरथरू लागला की सरांनी कुंचला बादलीत टाकला आणि ते उठू लागले. तेवढ्यात अंकल खुर्चीतून पुढे वाकले.

“टीचर, लीफ मूव्हिंग, लाह! गॉट विंड!”

“सर, ते म्हणतायत, पान हलतंय. वारा सुटलाय.”

सर क्षणभर पानाकडे बघत राहिले. मग हसले. “म्हाताऱ्याची नजर बरी आहे रे!” त्यांनी कुंचला पुन्हा उचलला.

ते गावी परतल्यावर मी त्यांना पत्र लिहिलं:

“आदरणीय सर, सविनय जयभीम. तुमचा कुंचला इथेच राहिला. अंकल रोज विचारतात, टीचर कधी येणार? रविवारी मीच बादली घेऊन खाली गेलो आणि पिंपळपान काढलं. रेघ कुठेही हलली नाही. अंकलनी पान वाळेपर्यंत पाहिलं आणि खुर्ची उचलता उचलता म्हणाले, ‘नो विंड.’

आपला विद्यार्थी.”