तांदळाएवढी चिप

जावईबापू आमच्याच घरात राहायचे, तरी मला ते फारसे कळले नाहीत. मी अबोल, ते माझ्याहून अबोल. इलेक्ट्रॉनिक्समधलं काहीतरी करतात, एवढंच मी लोकांना सांगायचो. याहून जास्त लिहायला मी योग्य माणूस नव्हे.

एका सकाळी स्वयंपाकघरात बायकोचा आवाज चढला. आमच्या घरात मांस शिजत नाही, आणि तिच्या दुधाच्या पातेल्यात, कोमट पाण्यात, पिशवीत बांधलेला मांसाचा तुकडा तरंगत होता. शेजारी जावईबापू थर्मामीटर धरून उभे.

"घरजावई करून घेतला, आता खाटीकही घरातच," ती म्हणाली.

तेव्हा ते पहिल्यांदा सलग बोलले. तांदळाच्या दाण्याएवढी चिप ते बनवत होते. पायाच्या नसेवर बसवायची. तिला ना तार, ना बॅटरी. गुडघ्याखाली बांधलेल्या पट्ट्यातून रेडिओ लहरींनी बिनतारी वीज मिळाली की ती नसेला हलका झटका देते आणि लुळं पाऊल उचललं जातं. चाचणी मांसात करायची, कारण लहरींना मांस आणि माणूस सारखेच. पण आजवर सगळ्यांनी फ्रिजमधलं गार मांसच वापरलं होतं. जिवंत पाय गरम असतो. त्यात लहरींची जुळणी बिघडते आणि वीज पोचत नाही. अपघातात पाऊल लुळं पडलेल्या एका शिक्षिकेच्या पायात ही चिप बसणार होती. चालली नाही, तर तिच्या पायावर उगाच सुरी फिरेल, म्हणाले.

बायकोने पातेलं त्यांना कायमचं देऊन टाकलं.

जुळणी त्यांनी सुधारली. शस्त्रक्रिया झाली. चिप सुरू करायच्या दिवशी ते प्रयोगशाळेत गेले आणि थोड्याच वेळात फोन आला. खुर्चीतच गेले. हृदय बंद पडलं. कधी साधा ताप न आलेला माणूस. मी "कोण? कोण गेलं?" असंच विचारत राहिलो. मुलीने माझ्या हातातून फोन घेतला.

पुढच्या आठवड्यात ती शिक्षिका जिना चढून भेटायला आली. मुलीसमोर तिने पट्टा बंद केला. पाऊल मेल्यासारखं खाली लोंबलं. चालू केला, तसं उचललं गेलं. जावईबापू गेल्यावर त्यांच्या सहकाऱ्याने चिप सुरू केली होती. मुलगी त्या पावलाकडे बघतच राहिली. जावईबापूंनी हे पाहिलंच नव्हतं.

ते गेले त्या सकाळी दाराशी बूट घालत होते.

"बाबा, तुमच्या खोलीतला दिवा लुकलुकतोय. आल्यावर बघतो."

"बघा सवडीनं."