खाली छापलेलं ‘प्रेमळ’

आज पेपरात बायकोचा फोटो आला, वर्षश्राद्धाचा. पानभर अशाच गेलेल्यांचे फोटो, आणि बहुतेकांच्या खाली तेच, प्रेमळ आणि मनमिळाऊ. प्रेमळ हा शब्द एसटीच्या सीटसारखा आहे. कुणीही यावं, बसावं. उठून गेल्यावर कोण बसलं होतं ते कळत नाही.

मजकूर लिहिताना मी लेकीला म्हणालो होतो, "प्रेमळ नको. मेल्यावर सगळेच प्रेमळ होतात."

"मग काय लिहू, आबा?"

"लिही, रागावली की ताट आपटायची, पण भाकरी तव्यावरचीच वाढायची."

लेक हसली, मग तिनं डोळे पुसले. "लोक काय म्हणतील? आईची शोभा होईल."

माझी शाळा चौथीपर्यंतची. म्हटलं, शिकलेल्या पोरीला कळत असेल, आणि तिला प्रेमळच लिहू दिलं.

तिथंच चुकलं. ते ताट, तो आवाज, भाकरीची ती वाफ आता माझ्या एकट्याच्या डोक्यात आहे. मी गेलो की तेही जाणार. मागे उरेल ते नुसतं ‘प्रेमळ’.

फोटो मात्र झकास आलाय. तिनं तो बघितला असता, खालचं वाचून घेतलं असतं आणि मला विचारलं असतं, "अहो, ही कोण बाई?"