प्रुफावरची सही

साप्ताहिकाच्या कचेरीत कामाला लागलेली ती पहिली बाई. आली प्रुफं तपासायला, आणि वर्षभरात गिरण्या, इस्पितळं, कोर्ट पालथं घालून बातम्या आणायला लागली. बातमीदारांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण तिनं कादंबरीचा विषय काढला, तेव्हा संपादकांनी हात झटकले.

"बाईची कादंबरी? वाचक म्हणतील, स्वयंपाकाचं सदर आहे!"

मग तिनं थाप मारली. कादंबरी आपल्या थोरल्या भावाची, तो आजारी असतो, घराबाहेर पडत नाही. खरं तर दादा तापानं जाऊन दोन वर्षं झाली होती. नाव तेवढं रिकामं पडलं होतं.

कादंबरी गाजली. छापखान्याची रीत अशी, की लेखकाची सही पडल्याशिवाय पान यंत्रावर चढत नसे. ती प्रुफं पिशवीत घालून घरी न्यायची, स्वतःच दादाची सही ठोकायची आणि मंगळवारी परत आणायची. नऊ वर्षांत तीन कादंबऱ्या अशाच निघाल्या.

चौथी मात्र दादाच्याच मरणावर होती. ती तिनं स्वतःच्या नावावर मागितली. संपादक उसळले.

"आजाऱ्याच्या टाळूवरचं लोणी खातेस? भावाची लेखी संमती आण!"

मेलेल्याची संमती आणायची कुठून? खरं सांगावं, तर नऊ वर्षांची लबाडी उघडी पडणार. तिनं तीही दादाच्याच नावावर छापायला दिली.

पुढच्या मंगळवारी बघते तर प्रुफावर सही आधीच झालेली.

"मामा, हे कुणी केलं?" छपाईचे, अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे खिळेमामाच म्हणत.

"कुणी म्हणजे? तुमचे बंधू येऊन गेले की! त्या खिडकीपाशी स्टुलावर बसले होते. डावखुरे ना? सगळी शाई हातानं फरपटली बघा."

तिची पाचावर धारण बसली. दादा डावखुरा होता, हे तिनं इथं कुणालाच सांगितलं नव्हतं. कादंबरीतला भाऊ झोपेत, शांतपणे जातो, त्या ओळीवर काट मारलेली होती. समासात लिहिलं होतं, 'असं नव्हतं गं.'

दादा गेला तेव्हा ती परीक्षेला बसली होती. झोपेतच गेला, असं आई सांगत आली होती.

तिनं त्याच समासात लिहिलं, 'मग कसं होतं?' आणि कागद स्टुलावर ठेवून घर गाठलं. दुसऱ्या दिवशी चारी समास फरपटलेल्या अक्षरांनी भरले होते. दादा दुपारभर टाचा आपटत होता. बहिणीला हाका मारत होता, पाणी मागत होता. वैद्यानं तापात पाणी बंद केलेलं. आणि तिला निरोप धाडायचा नाही, असं आईनं ठरवलं होतं. पोरीची परीक्षा बुडू नये म्हणून.

तिनं जसंच्या तसं कादंबरीत घातलं आणि आईला वाचून दाखवलं. डाळ निवडता निवडता आईचा हात थांबला.

"दाराला आतून कडी होती. खोलीत मी आणि तो. तुला कुणी सांगितलं?"

"दादानं."

आईनं सूप बाजूला सारलं. मग तिनं हळूच विचारलं, "अजून पाणी मागतो का गं?"

पुढच्या मंगळवारी पहिल्या पानाचं प्रूफ निघालं. त्यावर तिनं स्वतःचं नाव जुळवून घेतलं होतं. प्रूफ तिनं स्टुलावर ठेवलं, शेजारी पाण्यानं भरलेला पेला ठेवला आणि मामांना घेऊन बाहेर आली. खोलीला दार एकच, खिडकीला गज, आणि दारात हे दोघं. आत कुणी गेलं नाही. आतून पाण्याचे घोट तेवढे ऐकू आले, तहानेल्या गुरानं प्यावेत तसे.

आत गेले तर पेला कोरडा. तिच्या नावाखाली 'संमती आहे', आणि खाली दादाची सही.

मामांनी बोट लावून पाहिलं. शाई ओली होती. बोट सदऱ्याला पुसलं आणि पान यंत्रावर चढवलं.