स्टेडियमच्या गवतातली पायवाट

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. तरुणपणी तर मी एवढी दीडशहाणी, की शेजारणीच्या अंगात आलं की तिच्या पोटरीला हळूच चिमटा काढायची... देवी "आई गं" म्हणून कळवळायची, आणि मला वाटायचं आपण केवढं सायन्स शिकवलं! हे मात्र भर दुपारी, माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

दारव्ह्याच्या कडेला आमचा बंजाऱ्यांचा तांडा. समोर मोकळं मैदान, त्यातून बाजाराची पायवाट. तिथे स्टेडियम ठरलं तेव्हा माझा धाकटा दीर — तांड्याचा नायक — म्हणाला, "एक गेट आपल्या बाजूनं राहीन, वहिनी." नायकाचा शब्द झाला की तांड्यात कागद मागत नाहीत. मी तर भूमिपूजनाला फेर धरून नाचले... साठीतली नवरी!

गेट झालं पलीकडे, रोडवर. त्याला लागून दिराचं चहाचं हॉटेल. आमच्याकडे नुसती भिंत, बाजाराला हा एवढा वळसा. नात पूजा पोलीस भरतीसाठी त्याच मैदानात पळायची. आता आत जायला पास लागायचा, तो तिच्याकडे नव्हता, म्हणून ट्रकांच्या रस्त्याने पळू लागली.

मग आतल्या नव्या गवतात जुनी पायवाट उमटू लागली. गवत बदललं, तरी उमटली. स्टेडियमचा मॅनेजर घरी आला. "तुमची पोरगी भिंतीवरून येते. पोलिसात तक्रार देतो."

तक्रार म्हणजे पोरीची भरती गेली. मी दिराला घेऊन स्टेडियमात गेले.

"आमची पूजा नाही येत," मी म्हटलं. "का मी चढून राह्यली या गुडघ्यांनी?"

मॅनेजर हसला आणि फोन आला म्हणून ऑफिसात गेला. आम्ही दोघंच वाटेवर उभे. वारा नव्हता. तेवढ्यात गेटाकडून गवत दबत आलं... एकेक पाऊल, डोक्यावर ओझं असलेली बाई चालते तसं. दिराने पटकन पाय बाजूला घेतले. ते आमच्या मधून गेलं, गेट व्हायचं होतं तिथे भिंतीशी थांबलं. मग काहीच नाही.

मॅनेजर परतला.

"भाऊजी, सांगा यायले. आत्ता काय पाह्यलं ते."

दीर मोबाईल चाळत राहिला. "काय पाह्यलं? मले त काही दिसलं नाही. ऊन लागलं असन तुम्हाले, वहिनी."

गेटाचं खोटं मी गिळलं होतं. हे नाही गिळलं. पूजा त्याच्या खांद्यावर बसून मोठी झालेली. तिच्यासाठी एक वाक्य बोलायचं होतं... तक्रार पोलिसात गेली ती गेलीच.

गवत कोण दाबतं, मला आजही ठाऊक नाही. तुम्हाला उलगडलं तर कळवा. दिराला विचारून झालं — काही दिसलंच नाही, तर पाय कोणासाठी बाजूला घेतले? चहा पुढे करतो.