थोर कोण, हा वाद मी जिंकलो तेव्हा

अमेरिकेतले बास्केटबॉलचे सामने आपल्याकडे सकाळी दिसतात. गंगापूर रोडवरच्या आमच्या घरात त्या वेळी पोह्यांना फोडणी पडत असते आणि माझी मुलगी टीव्हीसमोर मांडी घालून बसलेली असते. मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक. चेंडू आयुष्यात कधी हाती धरला नाही. पन्नाशीनंतर या खेळाकडे वळलो, तो तिच्याशी बोलायला एखादा विषय असावा म्हणून. स्वभावाने मी भिडस्त. 'कशी आहेस' असे सरळ विचारणे मला जड जाई. परंतु तीस वर्षांपूर्वीचा तो उंच उडणारा श्रेष्ठ, की आजचा लांबून बास्केट करणारा, हे विचारणे सोपे होते.

वाद दोन वर्षे चालला. ती आजच्यांच्या बाजूने, मी जुन्यांच्या.

"बाबा, तुमच्या काळात डिफेन्स म्हणजे नुसती ढकलाढकली हो. सिटीबसमध्ये चढल्यासारखी."

"आणि तुझ्या काळात अंगाला वारा लागला तरी शिट्टी."

"बघा, पुस्तक वाचून पोहायला शिकलेला माणूस बोलतोय!"

यावर मी पोह्यांच्या बशीकडे वळे. हरण्याची मला सवय होती.

गेल्या दिवाळीच्या आधी मात्र मी जिंकलो. 'विंडो' ही कल्पना मी नुकतीच वाचली होती: चांगले सहकारी एकत्र आहेत, पाय साथ देत आहेत, अशी विजेतेपदाची मोजकी दोन-चार वर्षे. वर्गात मांडावे तसे मी मुद्देसूद मांडले. वेगवेगळ्या काळांतले खेळाडू गुणसंख्येवर तोलता येत नाहीत, कारण नियमच बदलत जातात. तोलायचे तर एवढेच पाहावे, की विंडो उघडी असताना मैदानावर कोण उभा होता. थोर तो, जो त्या दिवशी बाकावर बसला नाही.

तिने टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाली, "हे बरोबर आहे, बाबा. मानलं."

त्या आनंदात मी महाविद्यालयात दिवसभर विनाकारण हसतमुख होतो.

ती स्वतः कॉलेजच्या बास्केटबॉल संघात होती; यंदा तिथे पाचही जणी जुळून आल्या होत्या, आणि त्यांतल्या तिघी उन्हाळ्यात पदवी घेऊन जाणार होत्या. विभागीय स्पर्धेला सहा दिवस उरले असताना मी तिला जिना उतरताना पाहिले. कठडा धरून, अंग तिरपे करून, डावा गुडघा न वाकवता ती एकेक पायरी उतरत होती. मला पाहताच सरळ चालू लागली.

"काय झालं?"

"काही नाही. स्नायू आखडलाय." अंगाला आंबेहळदीचा वास येत होता. "आईला सांगू नका. तीनच मॅच आहेत. विंडो आहे ना, तुम्हीच म्हणालात."

तिच्या तोंडी माझेच वाक्य होते.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी पुन्हा वाचायला बसलो, पण या वेळी दुखावलेल्या गुडघ्यांविषयी. तसेच खेळले आणि पुढे कुठेच दिसले नाहीत, असे कितीतरी खेळाडू निघाले. थोरांच्या यादीत ते असणार कसे? मी जिंकलेल्यांवरूनच नियम काढला होता. हीच चूक विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत मी वर्षानुवर्षे लाल शाईने अधोरेखित करीत आलो होतो.

तिला सांगितले, तर ती हसली. "जिंकलेला वाद परत उकरताय? आता मी नाही ऐकणार."

चार दिवस मी तिचा पायऱ्या उतरण्याचा आवाज ऐकत राहिलो. प्रशिक्षकांना सांगितले नाही तर गुडघा जाईल, सांगितले तर मुलगी जाईल, अशी दुहेरी धास्ती होती. पाचव्या दिवशी सरावाच्या वेळी मैदानावर गेलो. तिच्या प्रशिक्षक दिंडोरीकडच्या, मोकळेपणाने बोलणाऱ्या बाई. सुरुवातीला मी त्यांच्याशी थंडीविषयीच बोललो. मग एकदम म्हणालो, "तिचा डावा गुडघा एकदा पाहता का?"

"मला तर म्हणली, नवे बूट घासतात! पोरगी लय जिद्दी हे, सर." त्यांनी तिला हाक मारली. "डाव्या पायावर उड्या मार. दहा."

तिने त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिले. पहिली उडी जमली. दुसऱ्या उडीला गुडघा आत वळला आणि ती सिमेंटवर बसली.

गुडघ्यातला अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, निम्मा फाटला होता. पूर्ववत होईल की नाही हे सहा महिन्यांनी कळेल, असे डॉक्टर म्हणाले. संघ दुसऱ्याच सामन्यात हरला. ती पट्टा बांधून बाकावर बसून शेवटपर्यंत टाळ्या वाजवत होती.

परतताना गाडीत ती म्हणाली, "मी असते तर जिंकलो असतो."

"कदाचित."

"कदाचित नाही. असतोच." तिने काच खाली केली. "पुढच्या वर्षी मी खेळेन का, तेवढं सांगा. थोरांचं काही नको."

मी गाडीचा वेग कमी केला. "मला माहीत नाही," मी म्हणालो. "मला फार भीती वाटते."

"मलापण," ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी पाय उचलून तिने तो जरा सरळ ठेवला.